खेड्यांसाठी उपग्रह दूरदर्शन : ए. टी. एस.-६ ची कामगिरी

दिनांक १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षपर्यंत आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा (आताचे ओडिशा) व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षण या विषयांचे कार्यक्रम उपग्रहामार्फत दाखविण्यात आले. हे काम अमेरिकेच्या ए. टी. एस.-६ या उपग्रहाने केले. तो आता निवृत्त झाला असला तरी त्याची कार्यपद्धती समजून घेणे उपयुक्त आहे.

उपग्रहाचे स्थान.— विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहास एक प्रदक्षिणा करण्यास पृथ्वीच्या एका परिवलनाइतकाच, म्हणजे सुमारे २३ तास ५६ मिनिटांचा, वेळ लागतो. म्हणून तो आकाशात जवळजवळ एकाच जागी स्थिर दिसतो व खेड्यातील छत्री एकदा त्याच्याकडे रोखली म्हणजे पुन्हा फिरवावी लागत नाही. ३० मे १९७४ रोजी सोडलेला हा उपग्रह पुढील वर्षी ३५ अंश पूर्व रेखांशावर, पूर्व आफ्रिकेच्या वर, आणण्यात आला. तेथून भारत त्याच्या टप्प्यात येत असे.

मोठी छत्री वर, लहान खाली.— अहमदाबाद येथील भूकेंद्रावरून कार्यक्रम उपग्रहाकडे पाठविले जात. उपग्रहाची छत्री सुमारे ९ मीटर व्यासाची होती; उड्डाणाच्या वेळी मिटलेली ही छत्री अवकाशात उघडण्यात आली. तिच्यामुळे संदेश एकवटून भारताकडे येई. म्हणूनच खेड्यात कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तशा तारेच्या जाळीची ३ मीटर व्यासाची स्वस्त छत्री पुरेशी होई. सकाळी शाळेतील मुलांसाठी व सायंकाळी प्रौढांसाठी, असे रोज चार तास कार्यक्रम होत.

निवृत्ती व बोध.— मुदत संपताच, ३१ जुलै १९७६ नंतर, उपग्रह पुन्हा पश्चिमेकडे नेण्यात आला. छत्र्या व संच जागेवर होते, परंतु उपग्रहावरून येणारे कार्यक्रम थांबले. पुढे उपग्रहास जागेवर ठेवणारी यंत्रे निकामी होऊ लागली. तेव्हा १९७९ मध्ये त्यास अधिक उंच कक्षेत नेऊन त्याचे काम बंद करण्यात आले; त्यामुळे त्याची जागा इतर उपग्रहांसाठी मोकळी झाली.

उसन्या साधनावर कायमची सेवा उभी राहत नाही, हा यातील बोध होय. १९८३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-१बी या भारताच्या मालकीच्या उपग्रहाने ही उणीव भरून काढली. ग्रामसेवकांनीही हे ध्यानात ठेवावे की, संदेश आकाशातून आला तरी संचाची निगा राखणे व कार्यक्रमानंतर शेतकऱ्यांशी चर्चा करणे, ही कामे गावातच करावी लागतात.