गुंठेवारी

तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद एवढी जमीन म्हणजे एक गुंठा. असे 40 गुंठे मिळून एकर होतो. माप मूळचे शेतीचे. परंतु महाराष्ट्रातील शहरांच्या वेशीवर ते घराचे माप होऊन बसले आहे.

शेत इतके लहान होऊ नये की ते कसणेच परवडू नये, या हेतूने 1947 साली मुंबई प्रांतात शेतजमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. पुढे शहरे वाढली, कारखान्यांच्या ओढीने माणसे आली आणि लगतच्या शेतकऱ्याला ज्वारी पिकविण्यापेक्षा गुंठा विकणे किफायतशीर वाटू लागले. घेणारा काही लबाड नसतो. मंजूर भूखंड त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो, इतकेच. मग मुद्रांकाच्या कागदावर व्यवहार होतो, सातबाऱ्यावर अनेकांची नावे सामाईक चढतात आणि ज्याची त्याची हद्द चुन्याच्या फक्कीने आखली जाते.

भिंती आणि छप्पर ज्याला त्याला आपल्यापुरते उभारता येते. रस्ता, गटार, ओढ्याचा काठ, मुलांना खेळावयास मोकळी जागा या गोष्टी मात्र एकट्याला विकत घेता येत नाहीत. रीतसर आराखड्यात त्या आधी राखल्या जातात व उरलेल्या जागेचे भूखंड पडतात. गुंठेवारीत आधी भूखंड पडतात आणि उरेल तो बोळ. त्यात आगीचा बंब शिरत नाही. इमारतीभोवती सोडावयाचे अंतर हा अनेकांना सरकारी जाच वाटतो. वस्तुतः ती शेजाऱ्याची हवा असते. एकाने मजला चढविला की दुसऱ्याच्या खिडकीतले ऊन जाते. ओढा बुजविला की पावसाळ्यात पाणी घरांतून वाट काढते.

नियम धाब्यावर बसविण्याचे भयंकर टोक मुंब्र्याजवळ शिळफाट्यास दिसले. 4 एप्रिल 2013 रोजी तेथील एक बेकायदा, बहुमजली इमारत कोसळून 74 माणसे मृत्युमुखी पडली. बांधकाम अपुरे होते, तरी तीत कुटुंबे राहत होती.

2001 साली राज्याने गुंठेवारीतील बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्याचा कायदा केला. त्याची कालमर्यादा आरंभी 1 जानेवारी 2001 होती; 2021 साली ती 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढविण्यात आली. शुल्क भरले की घर अधिकृत होते. बोळ मात्र तेवढाच राहतो. तो रुंद करावयाचा तर कोणाची तरी ओसरी पाडावी लागते, आणि ती कोणाची, या प्रश्नावर गल्लीतील बैठक दरवेळी मोडते.