सडकं संत्रं, बुरशी आणि माझा फसलेला आकडा



पीएचडीसाठी विषय शोधताय? मग आरमोरीचा आठवडी बाजार उठल्यावर एक चक्कर मारा. फेकलेली संत्री, केळी, पपया दिसतील. आपल्याला तो कचरा वाटतो, पण सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी तिथे अर्धं काम आधीच झालेलं असतं.

ते कसं? फळाच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पदार्थ म्हणजे पेक्टिन. त्याचा रेणू इतका मोठा, की बुरशीला तो थेट आत घेता येत नाही. म्हणून ती पेक्टिनेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, बाहेर सोडते आणि पेक्टिनचे तुकडे करते. फळ पिचपिचीत होतं ते मुख्यतः यामुळेच. म्हणजे सडक्या फळावर पेक्टिन फोडणारे जीव असण्याची शक्यता जास्त. हेच विकर फळांचा रस नितळ करायला वापरतात आणि उद्योगात ते मुख्यतः ॲस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीपासून मिळवतात.

पद्धत सोपी आहे. नमुना निर्जंतुक सलाइनमध्ये टप्प्याटप्प्याने विरळ करा. ज्यात पेक्टिन हाच कार्बनचा एकमेव स्रोत आहे अशा माध्यमावर पसरा. वाढ झाली की प्लेटवर आयोडीनचं द्रावण ओता. जिथे पेक्टिन फुटलं, तिथे कॉलनीभोवती फिकट वलय दिसतं. पण आयोडीनमुळे कॉलनी मरू शकते, म्हणून आधीच दुसऱ्या प्लेटवर तिची प्रत काढून ठेवा.

आता खरी गोष्ट. वलय मोठं म्हणजे विकर जास्त, असं लगेच समजू नका. माध्यमाची जाडी आणि विकर किती पसरतं यावरही वलय अवलंबून असतं. त्यामुळे पुढे मोजमाप लागतंच. त्यासाठी १९५९ ची मिलर यांची डीएनएस पद्धत वापरतात. ती क्षपणकारी शर्करा मोजते, वाचन ५४० नॅनोमीटरला.

इथेच मी फसलो. मी बुरशी संत्र्याच्या सालीवर वाढवली होती. वाचन भरपूर आलं आणि मी तीन आठवडे हवेत होतो. मग गाईडनी एकच प्रश्न विचारला, "उकळलेला कंट्रोल कुठाय?" तो मी लावलाच नव्हता. सालीतली साखर गाळलेल्या द्रावणात आधीपासूनच होती आणि मी तीच मोजत होतो.

समजा, साध्या द्रावणाचं वाचन ०.८२ आणि उकळून विकर निष्क्रिय केलेल्याचं ०.७४ आलं. तर विकराचं काम फक्त ०.०८ एवढंच. बाकी सगळी सालीची साखर!

आणखी एक. ॲस्परजिलसचे काही वाण विषारी द्रव्यं तयार करतात. मास्क लावा, बीजाणू उडू देऊ नका आणि तपासल्याशिवाय आपला वाण 'सुरक्षित' आहे असं लिहू नका.

बुरशी बाजारात फुकट मिळेल, पण कंट्रोल मात्र आपल्यालाच लावावा लागतो. उद्या प्रयोगाला बसाल तेव्हा वहीत पहिली ओळ त्याचीच लिहा.