पत्रातला वेढा

इंग्लंडमधल्या विंडसरच्या राजसंग्रहात ‘पादशाहनामा’ या शाहजहानच्या दरबारी इतिहासाची सचित्र प्रत जपून ठेवलेली आहे. तिच्यात एका किल्ल्याला पडलेल्या वेढ्याचं चित्र आहे. ते पयाग या मोगल चित्रकाराच्या हातचं मानलं जातं. त्या किल्ल्याचं ‘कंदाहार’ हे नाव वाचून अनेकांना अफगाणिस्तान आठवतं. पण हा वेढा १६३१ सालचा आहे आणि किल्ला आपल्या नांदेड जिल्ह्यातला, मन्याडच्या खोऱ्यातल्या कंधारचा. शाहजहानचा सरदार नसीरी खान निजामशाहीच्या या किल्ल्यावर चालून आला आणि त्याने तो जिंकला. दख्खनच्या इतिहासात या घटनेला जेमतेम एखाद-दोन ओळी मिळतात. तटाच्या आत कुणी काय केलं, कुणी काय लपवलं, याबद्दल त्या ओळी काही सांगत नाहीत. ही मोकळी जागा चार-पाच जणांनी मिळून खेळायची, आणि तीही एकत्र न बसता, पुणे, हैदराबाद, लातूर आणि कंधार इथून ई-मेलवर, तर ते जमेल का?

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात तो असाच खेळ असतो. एकजण गेम मास्टर होतो. आपण त्याला सूत्रधार म्हणू. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळणारे आपलं पात्र काय करतं ते सांगतात. घडेल की नाही अशी शंका असेल तिथे फासे टाकायचे आणि परिणाम सूत्रधाराने सांगायचा. पट नसला तरी चालतो. जिंकणं-हरणंही गौण, गोष्ट पुढे सरकली म्हणजे झालं.

लेखी हुकमाची परंपरा

या खेळाचा प्रसिद्ध अवतार म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत काढला. त्याचं मूळ मात्र प्रशियाच्या सैन्यात सापडतं. तिथे धाकट्या राइसविट्झने १८२४ मध्ये ‘क्रीग्सश्पील’ हा युद्धखेळ सुधारून मांडला. दोन्ही बाजूंचे अधिकारी आपले हुकूम कागदावर लिहून पंचाकडे द्यायचे. पंच नकाशावर सोंगट्या हलवायचा आणि प्रत्येकाला त्याच्या सैन्याला दिसलं असतं तेवढंच सांगायचा. सूत्रधार, मर्यादित माहिती आणि लेखी हुकूम हे तिन्ही तिथे आले होते. पुढे खेळ टेबलाभोवतीच्या गप्पांत रंगला आणि लेखी हुकूम मागे पडला.

टपालाने तो जिवंत ठेवला. लंडन आणि एडिंबरा इथल्या बुद्धिबळ क्लबांचा पत्राने चाललेला सामना १८२४ ते १८२८ असा चालला आणि एडिंबराने जिंकला. ‘डिप्लोमसी’ हा मसलतींचा खेळ बाजारात आला १९५९ मध्ये. जॉन बोर्डमनने १९६३ मध्ये तो टपालावर चालवायला घेतला. १९७० मध्ये रिक लूमिसने ‘न्यूक्लिअर डिस्ट्रक्शन’ सुरू केला. खेळणाऱ्यांच्या चाली टपालाने यायच्या आणि निकाल संगणकावर लागायचा. ई-मेल आल्यावर तिकिटाचा खर्च आणि पोस्टमनची वाट पाहणं संपलं. उत्तर मात्र आजही माणसाच्या सवडीनेच येतं, आणि खेळ बसवताना हेच धरून चालायला हवं.

पत्र कुठे थांबवायचं

कंधारच्या वेढ्यासाठी चार पात्रं घेऊ: धान्याच्या कोठाराचा कोठीवाला, बुरुजावरचा गोलंदाज, पाणी भरणारी एक बाई आणि बाहेर निसटू शकणारा जासूद. स्थळाची तयारी गावानेच करून ठेवली आहे. भुईकोट किल्ला आहे, भोवती खंदक आहे. राष्ट्रकूटकालीन शिलालेखात उल्लेख असलेला जगत्तुंगसमुद्र तलाव जवळच आहे. त्यात १६३० ते १६३२ हा दख्खनमधल्या भीषण दुष्काळाचा काळ. त्यामुळे तोफेइतकंच मोल ज्वारीला आलेलं असणार.

पहिल्या पत्रात नवखा सूत्रधार हमखास दोन पानं तटबंदीचं वर्णन लिहितो आणि शेवटी विचारतो, ‘आता काय करणार?’ त्यावर कुणालाच काही सुचत नाही. कोठीवाल्याला असं लिहून पाहावं:

‘रात्रीचा दुसरा प्रहर. तिसऱ्या कणगीत हात घातलास तर तळाला नुसता भुसा लागतो. वहीत तिथे पंधरा मण ज्वारी मांडलेली आहे. दाराशी पावलं वाजली. किल्लेदाराचा माणूस उद्याचा शिधा मोजून न्यायला आलाय.’

पत्र इथे थांबवायचं, कारण आता कोठीवाल्याला काहीतरी ठरवावंच लागतं. चांगलं उत्तरही मग असं येतं: ‘मी त्याला पहिल्या कणगीतून मोजून देतो. त्याने तिसरीकडे बोट केलं तर उंदरांनी नासाडी केली म्हणतो. वहीच मागितली तर खरं सांगेन, पण किल्लेदारासमोर.’ ‘असं झालं तर तसं’ या बोलीत लिहिलेल्या एका उत्तराने तीन फेऱ्यांची ये-जा वाचते. लढाईलाही हाच नियम लावावा. टेबलावर अर्ध्या तासात आटपणारी चकमक घावागणिक ई-मेलवर खेळली तर महिना खाते. त्यापेक्षा पूर्ण चकमकीचा इरादा आधी लिहून घ्यावा आणि निकाल एकाच पत्रात द्यावा.

त्याच रात्री गोलंदाजाला वेगळं पत्र जातं. बुरुजाच्या पायथ्याशी ठेवलेल्या परातीतलं पाणी वारा नसताना थरथरतंय, म्हणजे खालून कुणीतरी सुरुंग खणतंय. ही खबर कोठीवाल्याला नाही. टेबलावर असं गुपित सांगायचं तर कुणाला तरी दुसऱ्या खोलीत न्यावं लागतं आणि उरलेल्यांना सुगावा लागतोच. ई-मेलवर गुपित फुकटात राहतं. जासुदाने पाठवलेला निरोप सूत्रधार मुद्दाम एक फेरी उशिरा पोचवू शकतो, वाटेत पकडलाही जाऊ देऊ शकतो. खेळातल्या माणसांनाही खबरीची वाट बघायला लागते आणि टपालाचा उशीर गोष्टीच्याच कामी येतो.

फासे, मुदत आणि गैरहजेरी

फासे कुणी टाकायचे, हा भरवशाचा प्रश्न आहे. टपालाने युद्धखेळ खेळणारे अमेरिकन लोक ठरलेल्या तारखेच्या शेअर बाजाराच्या आकड्यातला शेवटचा अंक घ्यायचे, कारण त्यावर दोघांचाही हात चालत नसे. आपल्याला त्यासाठी नांदेडचं कमाल तापमान पुरे. पैज आधी लिहून ठेवायची, अमुक तारखेच्या वर्तमानपत्रातला दशांश चिन्हापुढचा आकडा बघायचा. शून्य ते चार आला तर बेत फसला, पाच ते नऊ आला तर साधला.

असे खेळ भांडणाने क्वचितच बंद पडतात. एकाचं उत्तर लांबतं, मग दुसऱ्याचं, आणि हळूहळू सगळेच गप्प होतात. म्हणून आठवड्याची फेरी आणि रविवारी रात्रीची मुदत पहिल्याच पत्रात सांगावी. कुणाची मुदत टळली तर त्याचं पात्र आधीचंच काम पुढे चालवतं, हेही तेव्हाच ठरवावं. कुणासाठी खेळ अडवून ठेवायचा नाही आणि न लिहिणाऱ्याला टोमणाही मारायचा नाही. फेऱ्या आठच, असं आधी कळलं की माणसं शेवटपर्यंत टिकतात.

किल्ला पडणार, हे सगळ्यांना ठाऊक असतंच. इतिहास बदलण्याची मुभा द्यायची की नाही, हे सूत्रधाराने सुरुवातीलाच सांगावं. माझं मत न देण्याकडे आहे. शेवट ठरलेला असला की खेळणारे तोफा मोजत बसत नाहीत. शेवटची ज्वारी कुणाच्या घरी गेली, सुरुंगाची खबर कुणी दाबली, पडता किल्ला सोडून कोण निसटलं आणि कोण थांबलं, याकडे खेळ वळतो. यातलं काहीच दरबारी इतिहासात नोंदलेलं नाही, म्हणून तिथे खेळणाऱ्यांना पूर्ण मोकळीक असते.

आठवी फेरी झाली की सूत्रधाराने एक काम जरूर करावं: सगळ्यांची सगळी पत्रं तारीखवार लावून सगळ्यांना पाठवावीत. परातीतल्या पाण्याची आपली खबर किल्लेदारापर्यंत का पोचली नाही, हे गोलंदाजाला तेव्हा पहिल्यांदा कळतं. शिधा न्यायला आलेल्या माणसाला कोठीवाल्याने बोलण्यात गुंतवून ठेवलेलं असतं, आणि त्याच्याच कमरेला ती चिठ्ठी खोचलेली असते.