छातीत कळ येण्याआधी...

हृदयविकाराचा झटका अचानक येतो, असे म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात त्याची तयारी शरीरात अनेक वर्षे चाललेली असते. वैद्यकशास्त्राला हे उमगले ते मात्र गेल्या शतकाच्या उत्तरार्धात.

१२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका नोंदला गेला. तो काही वर्षांपासून चढतच होता. परंतु वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, असा त्या काळी अनेक डॉक्टरांचा समज होता. परिणामकारक औषधेही हाताशी नव्हती.

या विकारांचे मूळ शोधण्यासाठी १९४८ मध्ये बोस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम येथे एक दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. ३० ते ६२ वर्षे वयाच्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची त्यासाठी निवड झाली. दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी होई. रुग्णांपासून मागे जाण्याऐवजी निरोगी माणसांपासून पुढे जायचे आणि कोणाला विकार जडतो ते पाहायचे, ही या अभ्यासाची खरी नवलाई होती.

१९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी जुना समज मोडीत काढला. वाढता रक्तदाब आणि रक्तातील जादा कोलेस्टेरॉल हे पुढे येणाऱ्या हृदयविकाराचे सूचक असल्याचे दिसून आले. 'जोखमीचे घटक' ही कल्पना याच संशोधनामुळे रूढ झाली. धूम्रपान आणि मधुमेह यांचे दुष्परिणामही याच अभ्यासातून ठळक झाले. १९७१ मध्ये मूळ सहभागींची मुले आणि २००२ मध्ये नातवंडेही त्यात सामील झाली.

हे घटक काम कसे करतात? वाढलेला दाब आणि तंबाखूचा धूर यांनी रक्तवाहिनीच्या आतील नाजूक अस्तराला इजा होते. तेथे कोलेस्टेरॉल साचून थर बनतो. हा थर फुटला, की त्यावर रक्ताची गुठळी होते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. छातीत कळ येते ती तेव्हा.

फ्रॅमिंगहॅमचे मूळ सहभागी मात्र बहुतांश गौरवर्णीय होते. मग ते निष्कर्ष भारतीयांना लागू पडतात का? मूळचे केरळचे डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासाने २००४ मध्ये याचे उत्तर दिले. पहिल्या झटक्याची सुमारे ९० टक्के जोखीम नऊ घटकांशी निगडित असून ते जगभर तेच आहेत, असे आढळले. तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब, सुटलेले पोट, व्यायामाचा अभाव, मानसिक ताण हे त्यांपैकी काही.

फरक आढळला तो वयात. दक्षिण आशियातील रुग्णांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी, तर इतरांना ५९ च्या सुमारास आल्याचे २००७ मधील विश्लेषणात दिसले. कारण हेच घटक येथे तरुण वयातच अधिक प्रमाणात आढळले. म्हणजेच भारतीयांचा विकार निराळा नाही. तो लवकर गाठतो, एवढेच.

म्हणूनच तपासणीसाठी पन्नाशीची वाट पाहणे परवडणारे नाही. भारतातील सरकारी आरोग्य कार्यक्रमातही तिशीपासून रक्तदाब व मधुमेहाच्या तपासणीची तरतूद आहे. वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवत नाही. तो मोजल्यावरच कळतो आणि कळला, तर आटोक्यात ठेवता येतो. रूझवेल्ट यांच्या काळी ही सोय नव्हती.