ऐ आणि औ गाताना

गोंदियाहून बालाघाटास येणाऱ्या प्रवाशाला राज्य बदलल्याची पहिली खूण दुकानांच्या व कचेऱ्यांच्या पाट्यांवर दिसते. तिकडे ‘बँक’ लिहितात, इकडे ‘बैंक’. बोलताना दोन्हीकडचा उच्चार जवळजवळ एकच असतो. हिंदीत ‘ऐ’ची मात्रा ज्या ध्वनीसाठी वापरतात तो मराठीच्या ‘ॲ’जवळचा असल्यामुळे हिंदीला येथे निराळे चिन्ह लागले नाही. मराठीत ‘ऐ’ म्हणजे ‘अ’ आणि ‘इ’ यांचा संयोग, ‘औ’ म्हणजे ‘अ’ आणि ‘उ’ यांचा. म्हणून ‘बॅट’ आणि ‘बॉल’ लिहिण्यासाठी मराठीने अर्धचंद्र स्वीकारला.

हा भेद वरवर क्षुल्लक वाटेल. पण परप्रांतीय म्हणवल्या जाणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांच्या घरांत तो रोज कानी पडतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि वैनगंगेकाठचा आमचा बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. तेव्हापासून आमची मुले शाळेत हिंदी शिकतात आणि घरी मराठी बोलतात. गणपतीत आरतीला उभी राहिली की तीच मुले ‘वैकुंठ’चे ‘वॅकुंठ’, ‘गौरी’ची ‘गॉरी’ आणि ‘चैतन्य’चे ‘चॅतन्य’ करतात. बोलण्यात हे क्षणात निसटून जाते. गाण्यात मात्र सूर नेमका त्या अक्षरावर विसावतो, चार-चार मात्रा लांबतो, आणि लपलेला उच्चार उघडा पडतो. अर्थाचाही घोटाळा होतोच. देवाचा ‘कौल’ आणि टेलिफोनचा ‘कॉल’, गावचा ‘चौक’ आणि फळ्यावरचा ‘चॉक’ यांत मराठी कानाला फरक हवा असतो.

आपल्या जुन्या वैयाकरणांनी या स्वरांना संध्यक्षरे म्हटले, ते सार्थच आहे. ‘सदा’ आणि ‘एव’ मिळून ‘सदैव’ होते. ‘नै’पुढे ‘अक’ आले की ‘नायक’, ‘पौ’पुढे आले की ‘पावक’. ‘ऐ’च्या पोटातला ‘य’ आणि ‘औ’च्या पोटातला ‘व’ असा संधीत बाहेर येतो. वृत्तात ही अक्षरे गुरू, म्हणजे दोन मात्रांची. परंतु अक्षर एकच. गाणाऱ्याने हे विसरता कामा नये.

इंग्रजी गायनातही हाच प्रश्न आहे. ‘नाइट’, ‘जॉय’, ‘नाउ’ अशा शब्दांतला जोडस्वर लांबवायचा झाला, तर पाश्चात्त्य गायनशिक्षक सांगतात की पहिल्या स्वरावर थांबावे आणि दुसरा अगदी शेवटी, हलकेच घ्यावा. घाईने ‘इ’वर गेले तर तोंड मिटते आणि आवाज चिमटल्यासारखा निघतो. वाढदिवसाच्या गाण्यातला ‘डे’सुद्धा इंग्रज माणसाच्या तोंडी जोडस्वर असतो, आपण भारतीय तो सरळ ‘ए’ म्हणून गातो.

मराठी संध्यक्षरांना हाच नियम लागू पडतो. ‘वैष्णव’ शब्दातला ‘वै’ चार मात्रांचा असेल, तर साडेतीन मात्रा ‘अ’ धरावा आणि उरलेल्या अर्ध्या मात्रेत ‘इ’कडे वळून ‘ष्ण’वर यावे. येथे तीन चुका संभवतात. पहिली, ‘इ’ लवकर घेणे. दुसरी, ‘व’ आणि ‘इ’ यांच्यामध्ये श्वास किंवा झटका देऊन एका अक्षराची दोन करणे. तिसरी, ‘अ’ मोकळा करण्याच्या नादात त्याचा पुरता ‘आ’ करणे. मग ‘गौळण’ची ‘गाउळण’ होते. पेटीवर एकच सूर धरून ‘वै’, ‘चै’, ‘गौ’, ‘मौ’ ही अक्षरे चार, मग आठ मात्रांपर्यंत लांबवावीत. पाच मिनिटे पुरेत.

हा उच्चार मुलांना नवा नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. हिंदी बोलताना ती ‘भैया’, ‘मैया’ आणि ‘कौआ’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या जिभेवर ‘अइ’ आणि ‘अउ’ असतातच. आधी ‘भैया’ म्हणवून घ्यावे, मग त्याच ‘भै’च्या वळणाने ‘वै’ आणि ‘वैकुंठ’. ‘कौआ’वरून ‘कौतुक’. रागावण्यापेक्षा ही वाट जवळची आहे.

हिंदी उच्चार सदोष आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. हिंदी भजनातला ‘और’ हिंदीप्रमाणेच गावा. तेथे मराठी ‘अउर’ ऐकून हिंदी शेजारी हसतील, आणि त्यांचे हसणे योग्यच असेल. या बाबतीत लताबाईंचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवावा. १९२९ साली इंदूरला, म्हणजे आपल्याच प्रदेशात, मराठी घरात त्यांचा जन्म झाला. उर्दू शब्द शुद्ध यावेत म्हणून त्यांनी शिक्षकाकडून धडे घेतले. त्याच लताबाईंनी ‘आनंदघन’ या नावाने ‘साधी माणसं’ (१९६५) या चित्रपटाला संगीत दिले. त्यातले त्यांनी गायिलेले लोहाराच्या ऐरणीचे गीत ‘ऐ’नेच सुरू होते. मुलांना ते जवळ बसवून ऐकवावे आणि पहिल्या अक्षराकडे लक्ष द्यायला सांगावे.

आमच्याकडे मराठी शिकवणारी शाळा मुलाच्या वाट्याला येईलच असे नाही. मराठी पुस्तकही कित्येक घरांत उरलेले नाही. आरती आणि भजन मात्र अजून टिकून आहेत. मुलाच्या कानावर मराठीचे हे दोन स्वर पडण्याची तीच काय ती हक्काची जागा. यंदा गौरी-गणपतीच्या आधी आठ दिवस, संध्याकाळी दिवा लागल्यावर, घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलांना पेटीजवळ बसवावे, इतकीच आमची विनंती.