रूळ कोणाचे, गाडी कोणाची?

१ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटनमधील चार मोठ्या रेल्वे कंपन्या सरकारजमा झाल्या. १९९३ च्या कायद्याने ती रेल्वे पुन्हा खाजगी झाली. पण रूळ एका कंपनीकडे, गाड्या दुसऱ्यांकडे व डबे तिसऱ्यांकडे गेले. पंतप्रधान जॉन मेजर यांचा कल जुन्यासारख्या प्रादेशिक कंपन्यांकडे होता. तसे घडते तर?

जपानने १९८७ साली सहा प्रादेशिक प्रवासी कंपन्या केल्या आणि रूळ व गाडी बहुतांशी एकाच हाती ठेवली. १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफील्ड येथे भेगाळलेला रूळ तुटून चार प्रवासी मृत्युमुखी पडले. जपानची वाट धरली असती, तर त्या भेगांची जबाबदारी इतकी विखुरली नसती, असे आम्हांस वाटते. तोट्यातील शाखा मात्र तरीही वाचल्या नसत्या. होक्काइदोतील कित्येक मार्ग बंदच झाले.

आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी मुंबईस रेल्वेची चाकरी केली. त्यांच्या वारसांस एवढे सहज पटेल, की मालक कोणीही असो, रूळ तपासणारा व गाडी हाकणारा एकाच घरचे असावेत.