वरचं भिंग बघायला, खालचं पारखायला

सोनं कसाला लावून घ्यावं, साडीचा पोत हातानं बघावा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण जुन्या कॅमेऱ्याची लेन्स कशी पारखायची, असं वर्षभरापूर्वी मला कुणी विचारलं असतं तर मी हसले असते. आता विचाराल तर तासभर बोलेन! याचं सगळं श्रेय आमच्या फोटोवाल्या वहिनींना.

चिपळूणच्या बाजारपेठेत वहिनींचा छोटासा स्टुडिओ आहे. यजमान गेल्यावर त्यांनी तो पुढे चालवला, असं लोक म्हणतात. खरं तर त्या आधीही चालवतच होत्या. अंधाऱ्या खोलीत रोल धुवायचे, निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे डाग झाकायचे, हे काम त्यांचंच. पाटीवर नाव मात्र यजमानांचं. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचेही सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानंच छापून येत. त्यांना २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, म्हणून निदान आपल्याला नाव तरी ठाऊक आहे.

जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा स्टुडिओतली खालची कपाटं बुडाली. निगेटिव्हची पाकिटं, जोडीची लेन्स, सगळं चिखलात गेलं. माळ्यावर ठेवलेला ममिया सी-३३० तेवढा वाचला. पुरानंतर आम्ही मंडळाच्या बायका घरोघर फिरत होतो. गाद्या, धान्य, भांडी यांची यादी सांगून झाली की एखादी हळूच म्हणायची, "सासूबाईंचा एकच फोटो होता हो." त्यातूनच पुढे ठरलं, की पंचक्रोशीतल्या ऐंशी ओलांडलेल्या आज्यांचे फोटो काढून द्यायचे. मोबाईलवर का नाही, असं मी विचारलंच. "काढा की. पण ताई, तुमच्या आधीच्या मोबाईलमधला नातवाच्या बारशाचा फोटो दाखवा बघू," वहिनी म्हणाल्या. मी विषय बदलला.

या कॅमेऱ्यात १२० नंबरचा रोल लागतो, त्यावर बारा चौकोनी फोटो येतात. पूर्वी आपल्या घरी असायच्या त्या साध्या रोलच्या निगेटिव्हपेक्षा ही निगेटिव्ह साडेतीन पटीहून मोठी. सुरकुतीन् सुरकुती दिसते. बॅटरी लागतच नाही. पण कंपनीनं ही जात बनवणं १९९०च्या दशकातच थांबवलं. त्यामुळे नवा सुटा भाग म्हणाल तर तो कुठल्या तरी दुसऱ्या जुन्या कॅमेऱ्यातूनच यायचा.

आणि नेमकं तेवीस आज्या बाकी असताना शटर अडकायला लागलं. एक सेकंदाला लावलं तर दोन सेकंद रेंगाळायचं. वहिनींकडे चौदा हजार होते, त्यातले निम्मे बचत गटाच्या कर्जाचे. एवढ्यात घ्यायचं काय?

इथे मला एक गोष्ट कळली. लग्नात फोटोवाल्याच्या गळ्यात असतो, त्या कॅमेऱ्याचं शटर बॉडीत असतं. ममिया सी-३३०चं लेन्समध्येच असतं. म्हणजे दुसरी लेन्स घेतली की दुसरं शटर आपोआप आलं. मग प्रश्न, कुठली लेन्स? मला १०५ मिलिमीटरची पसंत होती. चेहरा छान भरून येतो आणि अडीनडीला उपयोगीही पडते. वहिनी ८०वरच अडून बसल्या. "आज्या काय स्टुडिओत येणारेत? त्यांच्या ओटीवर, पडवीत काढायचे फोटो. १०५ लावली तर मला मागे सरता सरता विहिरीत पडावं लागेल!" जी रोज लागते तिचीच जोड आधी, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. पाहुण्यांसाठी चांदीची ताटं घ्यायची आणि घरात एकच कढई, असं आपण तरी कुठे करतो?

बोरा बाजारात, मुंबईच्या फोर्टमध्ये, आम्ही दोघी दिवसभर होतो. या कॅमेऱ्याला एकावर एक दोन भिंगं. वरच्यातून आपण बघायचं, फोटो निघतो खालच्यातून. म्हणून वरच्यात थोडी बुरशी असली तरी फोटो बिघडत नाही, आणि त्या नावाखाली भाव मात्र पाडून मागता येतो. खालचं भिंग वहिनींनी बॅटरीच्या उजेडात आरपार पाहिलं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसल्या की लेन्स परत. शटरच्या पाकळ्या कोरड्या हव्यात. एक सेकंदाला लावून कानाशी धरायचं, घरघर एकसारखी यायला हवी. शेवटी त्यांनी पर्समधून बटर पेपर काढला! आपल्या कॅमेऱ्यावर ती लेन्स चढवली, मागचं दार उघडून रोलच्या जागी तो कागद ताणून धरला, शटर उघडं ठेवलं आणि समोरच्या दुकानाची पाटी बघितली. वर अक्षरं स्पष्ट झाली की खाली कागदावरही व्हायला हवीत. पहिल्या लेन्सची झाली नाहीत. कुणीतरी दोन वेगळ्या लेन्सची भिंगं एकत्र बसवली होती. दुकानदार तिथपासून वहिनींना "मॅडम" म्हणायला लागला.

दुसरी लेन्स उत्तम निघाली. उरलेल्या पैशात वहिनींनी एक मेलेला सी-३३० घेतला. रोल पुढे सरकवायचा दांडा तुटलेला, पण भाता धडधाकट. भाता म्हणजे पुढची घडीची काळी पिशवी. घड्यांच्या कोपऱ्यांना बारीक भोकं पडली की उजेड आत शिरतो आणि फोटो पांढरटतो. अंधार करून आतून बॅटरी लावली की भोकं चांदण्यांसारखी दिसतात. आमच्या भात्याला तीन निघाली. काळा रंग लावून तात्पुरतं भागलंय, पुढेमागे त्या मेलेल्याचा भाता याला चढेल. शिवाय बघायची काच, वरची टोपी, बारीक स्क्रू हे सगळं मिळालं ते वेगळंच.

मैत्रिणींनो, तुमच्याही माळ्यावर असा कॅमेरा असेल तर त्याच्या शटरमध्ये शिलाई मशीनचं तेल मुळीच सोडू नका. तेल पाकळ्यांवर पसरतं आणि ते आणखीच चिकटतं. ते काम कारागिराचं. आणि चामड्याच्या पेटीत ठेवू नका. आपल्या कोकणच्या पावसात चामडं ओल धरतं, मग बुरशी आलीच. वहिनींनी दोन्ही लेन्स आता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवल्यात. मी तांदूळ सुचवले होते. "पिठूर लागेल," म्हणाल्या.

जुनी लेन्स साफ होऊन आली, की तीही डब्यात जाईल. येत्या गुरुवारी दोन आज्या आहेत. त्यातल्या एकीला ऐकू येत नाही, म्हणून "हलू नका" हे खुणेनं सांगायला सूनबाईंना समोर उभं करायचं ठरलंय.